मायनं बँक बदलली

माझी माय खोटं बोलत नसे, पण खरं सांगायचीही तिला सवय नव्हती. डोक्यावर मासळीची टोपली घेऊन ती निघाली की वाटेत कोणी ना कोणी विचारायचंच, "कुठी चालली वो बाई?" त्यावर मायचं ठरलेलं उत्तर असे, "इथीच." ब्रह्मपुरीचा बाजार इथीच, चामोर्शीला दिलेली तिची बहीण इथीच, आणि मामाच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं तेव्हा नागपूरही इथीच. विचारणारा काही चोर नसायचा, बहुतेक वेळा नात्यातलाच असायचा. पण मायचं म्हणणं असं, की त्याला कळून त्याचा फायदा काय? आणि फायदा नाही, तर मग तो विचारून काऊन राह्यला? आता तर मीच तिच्यासारखी झाले आहे. फोनवर कुणी पोरगी गोड आवाजात 'मॅडम, तुमच्या बँकेतून बोलतेय' म्हणाली की मी विचारते, "कोणत्या?" ती अडखळली की फोन ठेवते. नाही अडखळली तरी ठेवते.

आमचं घर तळ्याच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून होतं. कवेलूचं छप्पर, शेणानं सारवलेलं अंगण आणि अंगणभर बांबूवर वाळत घातलेली जाळी. घरात घड्याळ नव्हतं आणि त्यावाचून काही अडतही नव्हतं. पहाटे बा डोंगा पाण्यात लोटायचा, त्याचा घासल्याचा आवाज आला की उठायचं. ओलं जाळं पाळीवरच्या दगडावर आपटल्याचा आवाज आला की चूल पेटवायची. भात, लाखोळीची डाळ, पावसाळ्यात अंबाडीची भाजी आणि बारा महिने वाळल्या झिंग्यांची चटणी. त्या चटणीच्या वासानं कॉलेजातल्या मुली माझ्या डब्यापासून सरकून बसायच्या आणि पहिला घास मात्र त्यातलाच उचलायच्या. चांगली मासळी घरी शिजत नसे. मरळ, रोहू सगळं बाजारात जाई, आमच्या ताटात यायची ती बारीक काट्याची. माय बाजारातून आली की आधी टोपली धुवायची, मग हात, मग आम्हा सगळ्यांवरून एकदा नजर फिरवायची. ती नसताना घरातलं माणूस कुणी बदलून तर ठेवलं नाही ना, अशी ती नजर असे.

मासळी विकणाऱ्या बाईनं दुसऱ्याची मासळी विकत घेताना कल्ला उचलून पाहायचा असतो. आत लालभडक असेल तर ताजी, काळपट पडला असेल तर वरून कितीही चमको, हात लावायचा नाही. मायनं हीच रीत माणसांना लावली होती. घरी कुणी पाहुणा आला, गोड बोलला, पोरांच्या हातावर गोळ्या ठेवल्या, की तो गेल्यावर बा म्हणायचा, "मानूस चांगला आहे गा." माय भांडी घासता घासता म्हणायची, "कल्ला पाहाले भेटला नाई अजून." माझ्या बारावीच्या निकालावरसुद्धा तिचा विश्वास नव्हता. पास झाले म्हटल्यावर तिनं कागद उलटा करून मागची बाजू पाहिली होती.

तिची एक गोष्ट मात्र बिनशंकेची होती. आमच्याकडे हंगामाचं पहिलं जाळं पडलं की त्या मासळीचे पैसे खर्च करायचे नाहीत, अशी रीत. घरची बाई त्या नोटा घेऊन पाळीवरच्या मातामायजवळ जायची, हळदीत अंगठा बुडवून प्रत्येक नोटेच्या कोपऱ्यावर दाबायची आणि त्या वेगळ्या ठेवायची. हे देवीचे पैसे. त्यातून फक्त जाळ्याचं सूत घ्यायचं, दुसरं काही नाही. तळ्याचं तळ्यात गेलं पाहिजे, असं बाया सांगायच्या. माय या नोटा एका पत्र्याच्या डब्यात ठेवायची, आणि तो डबा कुठे ठेवायची हे बालाही माहीत नव्हतं. एकदा ती तापानं फणफणली होती तेव्हा बानं हळूच विचारलं, "डबा कुठी आहे, सांगून ठेव." मायनं डोळेही उघडले नाहीत. "इथीच," म्हणाली.

ब्रह्मपुरीला तेव्हा पैसे ठेवायला आमच्या माहितीच्या दोन जागा होत्या. एक मोठी बँक, सरकारी. तिथं जाळीच्या आत चष्मा लावलेला कॅशियर बसायचा आणि मासळीवाल्या बायांना पाहिलं की नाकाला रुमाल लावायचा. "टोपल्या भायेर ठेवा, भायेर!" बाहेर टोपली ठेवली की कुत्री यायची, आत रांग हलायची नाही, आणि प्यायला पाणी मागितलं तर माठाकडे नुसता हात. दुसरी होती नवी पतसंस्था, मासळीबाजाराच्या तोंडाशीच. तिचं नाव लिहीत नाही, नाव लिहून मला काय फायदा? तिचे मॅनेजर वामनभाऊ. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, आणि जिभेवर अशी साखर की काय सांगावं! टोपलीसकट बाया आत आल्या तरी पंखा जोरात करायचे. "या मावशी, बसा मावशी, चहा सांगा रे मावशीले." जन्मात कुणी खुर्ची दिली नव्हती त्या बायांना. महिन्याभरात सगळा मासळीबाजार वामनभाऊंच्या खुर्च्यांवर होता.

आणि मला त्यांनी नोकरी दिली. घरोघर, टोपलीटोपलीशी जाऊन रोजची ठेव गोळा करायची, पावती फाडायची, संध्याकाळी पेढीवर भरणा करायचा. खांद्याला लावायची एक रेक्झिनची बॅग मिळाली, तिच्यावर सोनेरी अक्षरं होती. तुम्हाला हसू येईल, पण त्या बॅगेसाठी मी जीव टाकत होते. बारावी झाली तशी चामोर्शीच्या मावशीनं माझ्यासाठी मुलगा पाहून ठेवला होता. नोकरी होती तोवर ते लग्न पुढं ढकलता येत होतं. बाला मी सांगितलं, मले अजून शिकायचं आहे, पैसे जमवून डीएड करतो. बा मान हलवायचा आणि मायकडे पाहायचा. माय बॅगेकडे पाहायची.

सगळ्या बायांनी माझ्याजवळ खाती उघडली, एक माझी माय सोडून. बाजारात नुसता हशा. तिच्या शेजारी बसणारी कौसाबाई मोठ्यानं ओरडायची, "बापा! सोताच्या पोट्टीवर भरोसा नाई हिचा, आमी कायले देऊन राह्यलो पैसे!" मला रडू यायचं. घरी येऊन मी मायशी भांडले, जेवले नाही, पाळीवर जाऊन बसले. माय म्हणाली, "तुह्यावर शक नाई माहा. तो वामन चहा पाजते. मासळीवालीले चहा कोन पाजते? त्याले काय पाह्यजे, ते समजू दे." मी म्हटलं, "त्याले ठेवी पाह्यजे माय, दुसरं काय?" "मंग सांगाव न तसं. मावशी कायले म्हनाव?" पण माझं रडकं तोंड तिला पाहवलं नसावं. हंगामाचं पहिलं जाळं पडलं, मातामायजवळ जाऊन आली, आणि त्या हळदीच्या नोटा तिनं माझ्या हातात ठेवल्या. "हे देवीचे हायेत. सुतासाठीच काढायचे. सांगून ठेव त्याले." मी वामनभाऊंना सांगितलंही. ते हसून म्हणाले, "देवीचे पैसे तर डोक्यावर ठेवू, बेटा." नोटा गल्ल्यात गेल्या आणि मी दोन दिवस हवेत होते.

त्याच साली आमच्या तळ्याचा ठेका निघायचा होता. आजवर तळं गावच्या मासेमार सोसायटीकडेच राहिलं होतं. या खेपेला मात्र जीपमधून एक ठेकेदार आला. पाळीवर उभा राहिला, सिगारेट ओढली, पाण्याकडे असं पाहिलं की जणू मोजपट्टी लावतो आहे. तो बोलायला वाईट नव्हता. सोसायटीच्या माणसांना म्हणाला, तुम्ही माझ्याकडेच राहा, रोजीनं मासळी काढा, डोक्याला ताप नाही. म्हणजे काय, ते चुलीपाशी बसलेल्या बायांना आधी कळलं. बा आपल्याच तळ्यावर मजूर होणार, आणि मायनं मासळी विकायची तर ती ठेकेदाराकडून, तो सांगेल त्या दरानं विकत घेऊन. तळं गेलं की घर गेलं, एवढं साधं होतं ते. तरी काही जणांनी आगाऊ रोजी घेतली. त्यात माझा सोमाकाका, बाचा सख्खा लहान भाऊ. तो त्या संध्याकाळी आमच्या अंगणात आला, थोडा ओशाळलेला, आणि बाच्या हातावर नोटा ठेवून म्हणाला, "तुह्यासाठीही देल्ले त्यानं. ठेव." बा काही बोलायच्या आत मायनं त्या नोटा उचलल्या.

चूल पेटलेली होती, त्या उजेडात तिनं एक नोट वळवून पाहिली. मग दुसरी. कोपऱ्यावर पिवळा अंगठा. माय उठली, माझ्यासमोर आली आणि तिनं आपला अंगठा त्या डागावर ठेवला. तिच्या अंगठ्यावर विळ्याची जुनी खूण होती, आडवी. डागातही होती. "हे माहे पैसे," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच मला भीती वाटली. मी समजावून सांगायला लागले. नोटा फिरतात माय, ठेकेदारानं कुठूनही आणल्या असतील, दुकानातून, सोसायटीतून, याच्यानं काही साबित होत नाही. कॉलेजात शिकलेलं सगळं सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं. "फिरू दे न," म्हणाली, "पन फिरून फिरून आल्या त्या त्याच्याच खिशात काऊन?" सोमाकाका पुटपुटला की ठेकेदारानं त्या आपल्या डोळ्यांदेखत पतसंस्थेतूनच काढल्या. बानं त्या नोटा घेऊन परत सोमाकाकाच्या हातात दिल्या आणि पहिल्यांदाच भावाशी न बोलता आत गेला.

दुसऱ्या दिवशी माय माझ्याबरोबर पतसंस्थेत आली. खुर्चीवर बसली. चहा आला, तो तिनं हातानं बाजूला सारला. वामनभाऊंच्या ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी एक 'मावशी' जास्तीची म्हटली. मायनं विचारलं, "माहे पैसे इथी आहेत का?" "आहेत न मावशी, एकदम शाबूत." "तेच?" वामनभाऊ हसले, आतले दोन कारकूनही हसले, आणि माझे कान गरम झाले. माय खरंच असं समजत होती की तिच्या नोटा एका बाजूला ठेवल्या आहेत, देवीच्या म्हणून. वामनभाऊंनी प्रेमानं समजावलं, "मावशी, हे तळ्यातल्या पान्यासारखं असते. सगळ्यांचं पानी एक होते. त्यातून मंग आमी गरजवंताले देतो, त्याच्यातूनच तुमाले व्याज भेटते." माय म्हणाली, "तळ्याचं पानी कोनाच्या वावरात जाते, ते पाट पाहून समजते आमाले. तुमचा पाट कुठी जाते?" वामनभाऊ म्हणाले, तसं सांगता येत नाही, गुपित ठेवावं लागतं, कायदा आहे. "बरं," माय म्हणाली, आणि नुसती बसून राहिली. ती बसून राहायची तेव्हा समोरच्याला बोलावंच लागायचं. मी लहानपणापासून तिच्या त्या गप्प बसण्याखाली किती गोष्टी ओकल्या होत्या! पंखा फिरत होता. शेवटी वामनभाऊच म्हणाले, "अन् मावशी, ठेकेदार काही पळून जानारा मानूस नाई. तुमच्या पैशाले धोका नाई."

मायनं ठेकेदाराचं नावही काढलं नव्हतं. मी तर नाहीच नाही. ती माझ्याकडे वळली, आणि आमच्या दोघींच्या ध्यानात एकदमच आलं. वामनभाऊ तसेच हसत होते, पण कल्ला दिसला होता. आज मी नीट विचार करते तेव्हा वाटतं, त्या माणसानं चोरी केली नव्हती. व्याज वेळेवर दिलं असतं, मुद्दल परत केलं असतं, चहा तर पाजलाच होता. सगळं कायद्यात होतं. आमच्याच पैशानं आमचं तळं विकत घ्यायला मदत करणं, एवढंच तो करत होता, आणि तेही हसतमुखानं. मला त्याचा आजही राग येतो.

माय बाहेर आली आणि बाजारातून चालायला लागली. टोपली नाही, हात मोकळे, म्हणून सगळ्या बाया पाहायला लागल्या. कौसाबाईनं नेहमीसारखं विचारलं, "कुठी चालली वो?" मी 'इथीच'ची वाट पाहत होते. माय थांबली. "मोठ्या बँकेत," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "वामनकडून पैसे काढून तिथी टाकतो. आपल्या पैशानं ठेकेदार आपलं तळं घेऊन राह्यला." कौसाबाईच्या हातातला विळा तसाच राहिला. वीस वर्षं शेजारी बसून मायनं तिला खरं उत्तर पहिल्यांदा दिलं होतं. दुसऱ्या कुणी हीच गोष्ट ओरडून सांगितली असती तर बायांनी चार शंका काढल्या असत्या. पण ही बाई खरं सांगते आहे म्हणजे काय झालं असेल, याचाच त्यांना धसका बसला. कौसाबाई टोपलीवर ओलं कापड टाकून उठली. तिच्यामागे दुसरी.

माय त्यांना घेऊन परत फिरली आणि पतसंस्थेत गर्दी झाली. मुदतीआधी काढता म्हणून व्याज कापू, असं वामनभाऊंनी सांगितलं, आणि ते कापलंही. काही बाया शिव्या घालून परत फिरल्या, बऱ्याच ठाम राहिल्या. तेव्हा त्यांनी मला आत बोलावलं. "बेटा, या बाया तुह्या शब्दावर आल्या. तूच समजाव. पुढच्या महिन्यापासून तू फिरायचं नाई, इथी काउंटरवर खुर्ची तुही." दारातून माय दिसत होती. तिनं मला खूण केली नाही, डोळेही वटारले नाहीत. ती फक्त पाहत होती, मासळी घेताना पाहायची तशी. मला खुर्ची हवी होती हो, का खोटं सांगू? चामोर्शीचं स्थळ डोळ्यासमोर आलं, बॅगेवरची सोनेरी अक्षरं आली. पण पहाटेचा डोंगा घासल्याचा आवाज यापुढे दुसऱ्याच्या हुकमानं येईल, हे मला सहन होईना. मी बॅग काढून टेबलावर ठेवली. "त्या माह्या शब्दावर आल्या होत्या," मी म्हटलं, "आता माह्याच शब्दावर चालल्या." वामनभाऊंचं हसू तेवढं मावळलं. मायकडे वळून ते म्हणाले, "जा बाई." मावशी संपली.

मोठ्या बँकेत टोपल्या बाहेर, रुमाल नाकाला, माठाकडे हात. काही बदललं नव्हतं. चष्मेवाल्यानं मायची प्रत्येक नोट उजेडाकडे धरून पाहिली, उलटी केली, बोटानं घासली, मायकडे एकदा संशयानं पाहिलं आणि पुन्हा घासली. रांगेतल्या बाया कुरकुरायला लागल्या. माय मात्र जाळीला नाक लावून खूश होत होती. माझ्या कानात म्हणाली, "हा आपल्यातला आहे." मग तिनं त्याला तोच प्रश्न विचारला, पैसे कोणाले देता? तो खेकसला, "अर्ज करते त्याले! भिताडावर लावलं आहे, वाचता येत नाई का?" मी वाचून दाखवलं. भात, बैल, विहीर, शिवणयंत्र, आणि खाली मच्छीमार सोसायट्यांना जाळी व डोंग्यासाठी. "जाळ्याले?" मायनं विचारलं. "हो, जाळ्याले. पुढं सरका." माय त्याला तोंड भरून आशीर्वाद देत पुढे सरकली. असं तोंड टाकून बोलणाऱ्या माणसाला तिनं आशीर्वाद दिलेला मी दुसऱ्यांदा पाहिला नाही.

ठेक्याच्या दिवशी ठेकेदार आला नाही. पतसंस्थेतून ऐनवेळी पैसा सुटला नाही म्हणून, की त्याला दुसरीकडे मोठं तळं मिळालं म्हणून, मला खात्री नाही. माय म्हणायची, आपल्यामुळं. मला शंका आहे. पण तळं सोसायटीकडे राहिलं, सोमाकाका मान खाली घालून बाच्या डोंग्यात येऊन बसला, आणि मायच्या खात्यातून पुढल्या हंगामाला सूत आलं. चामोर्शीचं स्थळ मायनंच मोडलं. मुलाकडचे फार गोड बोलतात म्हणाली. मी डीएड केलं, त्याच सुताच्या जाळ्यात आलेल्या मासळीवर, आणि आयुष्यभर शाळेत शिकवताना पोरांनी आणलेले पालकांच्या सह्यांचे कागद उलटे करून तपासले.

बँकेतून आलो त्या संध्याकाळी बा तळ्यावर होता. टोपली नव्हतीच, म्हणून मायनं नुसते हात धुतले, माझ्यावरून नजर फिरवली. मग दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "चाल. डबा दाखवतो तुले." मी तिच्या मागे गेले. तिनं तो काढून माझ्या हातात दिला, रिकामाच होता, हळदीचा वास होता आत, आणि पुन्हा जागेवर ठेवायला लावला, माझ्याच हातानं. मला हुंदका आला. ती म्हणाली, "रडते कायले? बाले सांगू नको." मी सांगितलं नाही. माय गेली, बा गेला, घर माझ्याकडे आलं, कवेलू जाऊन स्लॅब आला, तरी तो डबा तिथंच आहे आणि दर हंगामाला त्यात हळदीच्या नोटा असतात. माझी सून परवा विचारत होती. स्वभावानं चांगली आहे ती, पण दोनच वर्षं झालीत, पाहते आहे मी. आणि तुम्ही इतकं सगळं वाचलंत, तरी तुमचा कल्ला काही मला दिसत नाही. तेव्हा डबा कुठे आहे म्हणून विचारलंत, तर इथीच.